ब्रेक धरतात

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवणं म्हणजे म्हाताऱ्याला पैलवानाचं काळीज लावण्यासारखं आहे. बसतं, बसत नाही असं नाही. मग म्हातारा पळायला लागतो, पण गुडघे त्याचे तेच असतात, जुने. म्हणून पानाच्या वस्तादानं त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की आधी थांबायची सोय कर, मग पळायची. आधी ब्रेक, मग इंजिन. पुढे वस्ताद गेला, शेड पानाकडे आलं, आणि त्यानंतरच्या अकरा वर्षांत पानानं हे उलटं फक्त एकदाच केलं.

पाना हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उंच, काटकुळा, मान कायम पुढे वाकलेली, म्हणून लोक पाना म्हणायचे. तापट इतका की बोल्ट निघाला नाही तर बोल्टच्या आईबापाचा उद्धार करायचा. पण हात सोन्याचा. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच आवाजावरून सांगायचा, हिचा अमुक नट ढिला आहे. शेड गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याचं. आत दोन गाड्या मावायच्या, तिसरी अर्धी उन्हात. मागची भिंत त्यानं पांढरी रंगवून घेतली होती, उजेड फेकायला. त्या भिंतीला पाठ लावून एक गाडी दोन महिने उभी होती. दादाची.

चौकोनी, लांब नाकाची, निळी. दादानं ती भंगारातून उचलली होती आणि तिच्यात आजकालच्या गाडीचं इंजिन बसवून द्यायला धाकट्या भावाच्या मागे लागला होता. रोज कामावरून येताना शेडमध्ये डोकवायचा. "गाडी दुरुस्त करतोयस की तिचं लग्न जमवतोयस?" म्हणायचा. "पत्रिका तरी दाखव."

घोळ झाला तो डिस्कचा. जुने ड्रम ब्रेक काढून नव्या गाडीचे डिस्क ब्रेक लावायचे होते. आणलेल्या डिस्कना भोकं चार, आणि गाडीच्या चाकाला बोल्ट पाच. लेथवाला म्हणाला, मधली चकती बनवून देतो, आठ दिवस लागतील. इंजिन मात्र समोर तयार पडलेलं. पानाला हात आवरेना. त्यानं इंजिन बसवलं. सुरू केलं तेव्हा असं गुरगुरलं की शेजारचा टायरवाला हातातलं काम टाकून बघायला आला.

दुसऱ्या दिवशी दादाला सुट्टी होती. तो आला, चावीला हात पुढे केला आणि विचारलं, "ब्रेकचं काय?"

पाना दुसऱ्या गाडीखाली होता. तोंडावर काळं तेल टपकत होतं, डोकं आधीच फिरलेलं. आणि कसं म्हणणार, की मी उलटं केलं? खिशातून चावी काढून त्यानं गाडीखालूनच हात बाहेर केला.

"धरतात. जा."

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, पाण्याच्या टाकीच्या उतारावर, खालच्या वळणाच्या भिंतीला. तिथल्या तिथे.

पोलीस म्हणाला, "रस्त्यावर टायरचा एक पट्टा नाही. ब्रेक मारलाच नाही वाटतं यानं." त्यानं ड्रम उघडून बघितले नाहीत. पानानं उघडले. आतले लायनर जळून कोळसा झाले होते. दादानं ब्रेक मारला होता. वरून खालपर्यंत मारतच आला होता.

आणि घरी वहिनीनं विचारलं तेव्हा पानाच्या तोंडून निघून गेलं, "चावी खिळ्याला होती. मला न विचारता घेऊन गेला तो." एकदा निघालं ते निघालं. मग सगळ्यांना तेच सांगायला लागलं.

आठ दिवसांनी लेथवाल्यानं चकत्या पाठवल्या. सांगितल्याप्रमाणे, बरोब्बर पाच भोकांच्या. त्या कोपऱ्यात पडलेल्या त्याला बघवेनात. म्हणून एका सकाळी त्यानं ओढून शेडमध्ये आणलेली दादाची चेपलेली गाडी चार स्टँडवर उचलली आणि चारी चाकांना डिस्क चढवल्या. डिस्कला दाबून चाक धरणारे नवे पॅड टाकले, नवं ब्रेक ऑइल भरलं. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर पाना फेकून मारला असता त्यानं.

टायरवाल्यानं विचारलंच. "मेलेल्याला नवे बूट घालतोयस होय?"

पानानं फेकला नाही. हात धुतले आणि डबा उघडला.

जेवण झाल्यावर तो गाडीच्या बाजूनं जाताना वास आला. पोळलेल्या ब्रेकचा वास गाडीवाल्याला झोपेत पण ओळखू येतो. त्यानं सहज पुढच्या डिस्कला बोट लावलं. चर्रकन भाजलं.

चाकं हवेत. बॅटरी काढून कोपऱ्यात ठेवलेली. पुढच्या चाकापासून मडगार्डपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं, सकाळपासूनचं. ते तसंच्या तसं, एक तार तुटली नव्हती. म्हणजे चाक फिरलेलं नाही. पानानं पॅड काढून मापला. सकाळी बारा मिलिमीटर होता. आता आठ.

त्याला वाटलं, मापायला चुकलो असेन. दुसऱ्या दिवशी जेवून उठला तेव्हा चार. तिसऱ्या दिवशी पॅड संपून लोखंडाला लोखंड लागलं होतं, आणि डिस्क निळी पडली होती, उतारावर खूप वेळ ब्रेक मारत आलं की पडते तशी.

चौथ्या दिवशी नवे पॅड टाकून तो जेवायला बसलाच नाही. स्टूल घेऊन गाडीसमोर बसला. गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू होता. दोन वाजून दहा मिनिटांनी मागची पांढरी भिंत लाल झाली.

ब्रेकलाइट. बॅटरी नसलेल्या गाडीची.

पानानं उठून खिडकीतून आत पाहिलं. ब्रेकचा पेडल तळाला गेला होता. हिसका नाही, झटका नाही, कुणी ताकद लावून दाबून धरावा तसा थरथरत होता. कोळ्यानं पुन्हा विणलेलं जाळं हललं नाही. डिस्कमधून धूर आला. त्यानं मनात आकडे मोजले. अकरा झाले आणि भिंत पांढरी झाली.

तो मागे सरकला तो थेट टायरवाल्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"काय रे, भूत बघितलंस काय?" टायरवाला हसत म्हणाला. मग त्याच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "पाणी घे."

दुसरा कुणी असता तर गाडी भंगारात दिली असती. पानानं त्याच संध्याकाळी मोठ्या गाडीचे ब्रेक शोधायला सुरुवात केली.

त्याचा हिशोब सरळ होता. दादा अजून उतारावर आहे. ब्रेक दाबतोय. मग त्याला धरणारा ब्रेक द्यायचा. मोठ्या गाडीच्या डिस्क चढवल्या, तेव्हा पॅड रोज तीन मिलिमीटर झिजायला लागला. मालवाहू व्हॅनचे ब्रेक घातले, त्यासाठी चाकाची कमान कापावी लागली. पॅड दोन मिलिमीटर झिजला. पाईप बदलले, मास्टर सिलिंडर बदललं. दीड. भिंतीवर खडूनं आकडे लिहायला लागला तो. शून्य आलं की झालं. ज्या दिवशी पॅड घासणार नाही, त्या दिवशी दादा थांबलेला असणार.

बाकी गाड्या दारात धूळ खात पडल्या. गिऱ्हाइकं येऊन ओरडून गेली. तो ओरडला सुद्धा नाही उलट, आणि टायरवाल्याला त्याचीच भीती वाटली. "भांड की रे कुणाशी तरी," तो म्हणाला. "माझ्याशी भांड."

एक मिलिमीटरवर गाडं अडलं. सहा दिवस एकच. पुढे काही सरकेना.

सातव्या दिवशी पावणेदोनला वहिनी स्वतः डबा घेऊन आली. दादा गेल्यापासूनच्या दोन महिन्यांत पहिल्यांदा शेडमध्ये पाय ठेवला तिनं.

"तीन दिवस डबा भरलेला परत येतोय, भाऊजी. मी काय तुमच्या पान्यांसाठी स्वयंपाक करते?"

"खातो."

"समोर खा."

ती स्टूलवर बसली. तो पायरीवर बसून घास गिळायला लागला. तिनं निळ्या गाडीकडे बघायचं टाळलं, मग बघितलं.

"हिला अजून ठेवलंय."

"काम चाललंय."

"कुणासाठी?"

पाना चावत राहिला. वहिनीनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं.

"लोक म्हणतात रडून घे. मला रडू येत नाही हो, मला राग येतो. रोज सकाळी उठल्या उठल्या भांडते मी त्याच्याशी. पोरासारखी चावी चोरून गेला. मला सांगितलं नाही, तुम्हाला विचारलं नाही. दहा वर्षं संसार केला, एवढा बिनडोक माणूस असेल असं वाटलं नव्हतं. शेवटची आठवण ती ही. बिनडोक."

पानानं हातातला घास डब्यात परत ठेवला. घड्याळात दोन वाजून नऊ झाले होते. तिला बाहेर न्यायला हवं होतं. तो उठला नाही.

भिंत लाल झाली.

वहिनीचा अर्धा चेहरा लाल झाला. "ही लाइट कशी लागली?"

एक, पाना मोजत होता. दोन.

"भाऊजी?"

तीन.

"चावी मी दिली," तो म्हणाला. "माझ्या हातानं. त्यानं विचारलं होतं, ब्रेकचं काय. मी म्हणालो, धरतात, जा." पाच. "धरत नव्हते. मला माहीत होतं."

सहा.

भिंत पांढरी झाली.

अकरापर्यंत जायची ती. रोज. पाना तिकडे बघतच राहिला.

बाहेर कॉम्प्रेसर बंद पडला, पुन्हा चालू झाला.

"म्हणजे त्यानं विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात म्हणून तो दाबत राहिला असेल. धरेल, धरेल म्हणून."

"हो."

"खालपर्यंत."

पानानं मान हलवली.

तिनं उघडा डबा तसाच उचलला. झाकण पायरीवर राहिलं. ती गेली ती गल्लीच्या मधोमध चालत गेली. मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली तरी बाजूला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही.

पानानं सकाळी नवे पॅड टाकले. बारा. दोन वाजता तो गाडीच्या मागे, भिंतीजवळ जाऊन बसला. दोन दहा झाले. दोन अकरा. अडीच.

भिंत पांढरीच होती.

त्यानं डिस्कला हात लावला, आधी बोट, मग पूर्ण पंजा. गार. पॅड काढून मापला, पुसून पुन्हा मापला. बारा. भिंतीवर त्यानं खडूनं शून्य काढलं. ते अंड्यासारखं वाकडं आलं.

टायरवाला दारात आला. "हसतोयस की रडतोयस?"

"थांबला," पाना म्हणाला.

"कोण?"

पानानं खडू खाली ठेवला. टायरवाल्यानं पायरीवरचं झाकण उचललं, पुसलं, होतं तिथे परत ठेवलं आणि निघून गेला.

दोन महिन्यांत पानानं त्या गाडीचं दार उघडलं नव्हतं. आज उघडलं. बसावं थोडा वेळ, असं त्याला वाटलं. एवढंच. दादाच्या जागी.

बसायच्या आधी त्यानं खाली बघितलं.

ब्रेकचा पेडल वर होता, त्याच्या जागेवर, कुणी हात न लावल्यासारखा.

शेजारचा ॲक्सिलरेटर तळाला टेकला होता. दादा थांबला नव्हता; धरत नाहीत हे ऐकून त्यानं फक्त ब्रेक सोडला होता.

पाना गुडघ्यांवर बसला. एका हातानं, मग दोन्ही हातांनी त्यानं तो वर ओढला. दात ओठ खाऊन ओढला.

आला नाही.

पेडलवरचं रबर कोमट होतं.