चार तोंडांचा कूलर

भावोजींच्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला नकार दिला तेव्हा घरापुढे दोनच मार्ग होते: गुडघा बदलायचा किंवा ट्रक. भावोजी डॉक्टरला घाबरतात, म्हणून ट्रक बदलला. ऑटोमॅटिक गिअरचा नवा ट्रक आला. नवा म्हणजे आमच्यासाठी. त्याआधी तो बऱ्याच लोकांकडे जुना होऊन झाला होता.

माझ्या ताईचा मंडपाचा व्यवसाय आहे. खुर्च्या, पडदे, खांब, सतरंज्या. ट्रक भावोजींनी चालवायचा आणि भावोजींना ताईने, अशी कामाची वाटणी. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे या व्यवसायात माझा उपयोग खुर्ची धरण्यापुरता, आणि तोही बसून.

आमच्या गावापासून उघडं सपाट रान सुरू होतं आणि पुढे पठारावर नेणारा लांबलचक चढ लागतो. गेल्या उन्हाळ्यात याच चढावर, शेवटच्या वळणाच्या अलीकडे, पिवळा रंग दिलेल्या कठड्यापाशी आमच्या गिअरबॉक्सचं तेल उकळून बाहेर आलं. भावोजींनी विचार केला की रेडिएटर पाण्याने गार होतो, मग गिअरबॉक्सने काय घोडं मारलंय. पाणी संपलं होतं. पाहुण्यांवर शिंपडायला गुलाबपाण्याचे कॅन मात्र होते. त्यांनी एक अख्खा कॅन गिअरबॉक्सच्या नळीत रिकामा केला.

ट्रक जागचा हलला नाही. वर लग्न लागलं, पण खुर्च्या पिवळ्या कठड्यापाशी आणि पाहुणे मैदानात, उन्हात, आपापल्या पायांवर. पंचक्रोशीत ते लग्न 'उभं लग्न' म्हणून गाजलं आणि ताईची ओळख झाली 'त्या उभ्या लग्नवाल्या'.

नंतर मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडला. गॅरेजभर गुलाबाचा घमघमाट सुटला. "ताई, आत काही बिघडलेलं नाही," तो डोकं खाजवत म्हणाला. "कुणीतरी बाहेरून निखारे ओतावेत तसं तेल जळालंय." कारण काही सापडलं नाही. खापर भावोजींवर फुटलं, कारण ते जवळच उभे होते.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. वर, पठारावरच, व्याह्यांच्या अंगणात. मंडप अर्थातच घरचा.

"मंडपवालीच्या लेकीच्या लग्नात माणसं उभी राहिली ना," ताई मटार सोलता सोलता म्हणाली, "तर मी हा धंदा बंद करीन." ताई ओरडते तेव्हा काळजी नसते. ती शांतपणे बोलली की भावोजी चपला शोधायला लागतात.

आम्ही मिस्त्रीकडे गेलो. त्याला सगळे 'होऊनजाईल' म्हणतात, कारण तो दुसरं काही म्हणत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चढावर तापतं, रेडिएटरच्या पोटातून फिरून थोडं निवतं, पण हवाच भट्टीसारखी असली की तेवढं पुरत नाही. म्हणून पुढच्या जाळीमागे आणखी एक कूलर बसवायचा: बारीक पत्र्यांची चौकट, आत नळ्या, गरम तेल एका तोंडातून आत आणि वाऱ्याने निवून दुसऱ्या तोंडातून बाहेर.

"होऊन जाईल," मिस्त्री म्हणाला, आणि भंगारवाल्याकडून एक कूलर घेऊन आला. चांगला जाड, वजनदार. फक्त त्याला चार तोंडं होती.

"चार कशी?" मी विचारलं.

"दोन आपली."

"आणि दोन?"

"दोन त्यांची."

"कुणाची?"

"सर, ज्याचा होता त्याची. एकात दोन कूलर असतात कधी कधी. मोठ्या मशीनला लागतात." त्याने उरलेल्या दोन तोंडांत रबरी बुचं ठोकली, वर क्लिपा आवळल्या. "झालं. घर भाड्याने घेतलं की शेजारच्या खोलीला कुलूप असतंच की नाही?"

परतीच्या नळीवर त्याने तापमानाचा काटा जोडला आणि तो केबिनमध्ये मला मागच्या बाकावरूनही दिसेल असा आणून लावला, म्हणजे मला काहीतरी काम राहील. इंजिन सुरू केलं. मिस्त्रीची पद्धत अशी की तेल फिरायला लागलं की नळीला हाताची मागची बाजू लावून बघायची. त्याने हात लावला, काढला, पुन्हा लावला. मग हसायला लागला.

"सर, लावून बघा."

नळी गार होती. माठाच्या अंगासारखी.

काटा बाहेरच्या हवेपेक्षा बराच खाली आला होता. आता हे होऊ शकत नाही. वाऱ्याने निवणारी कोरडी वस्तू फार तर वाऱ्याइतकी गार होईल, त्याहून नाही. हे मी दर वर्षी शिकवतो आणि दर वर्षी मुलं ते चुकीचं लिहितात. मी काटा बर्फाच्या पाण्यात घालून पाहिला, मग स्वतःच्या काखेत धरून पाहिला. काटा शहाण्यासारखा खरं बोलत होता.

"उष्णता नाहीशी होत नसते," मी म्हणालो. "ती कुठेतरी जात असणार."

"जाऊ दे की," ताई म्हणाली. "आपल्याकडे येत नाही ना?"

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. खुर्च्या आदल्या रात्री दुसऱ्या लग्नात होत्या, त्यामुळे भर उन्हात निघण्यावाचून इलाज नव्हता. पुढे भावोजी आणि ताई, मागच्या बाकावर मी आणि नवरीमुलगी. रस्त्यावरचं डांबर चकाकत होतं. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांचे चेहरे भाजलेल्या वांग्यासारखे झाले होते. आमचा काटा निवांत तळाशी पडला होता.

भाचीने तासाभरातच कूलरचे इतर उपयोग शोधून काढले. एका थांब्यावर तिने पाण्याच्या बाटल्या जाळीमागे अडकवल्या, पुढच्यावर व्यासपीठाची फुलं. फुलं टवटवीत राहिली. पाण्याने दात शिवशिवले.

"मामा, हे तुझ्या पुस्तकात आहे का?"

"नाही."

"मग पुस्तक बदल."

चढाच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे. भावोजींनी इंजिन बंद केलं. मी बाटल्या काढायला पुढे गेलो. कूलरच्या पत्र्यांवर पांढरट काहीतरी साचलं होतं. बोटाने खरवडलं. हिम होतं. आजूबाजूला कुत्री जिभा काढून सावली हुडकत होती.

मग माझा हात चुकून एका बुचाला लागला.

बोट भाजलं. चांगलाच फोड आला. आमच्या दोन नळ्या गार, आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावरची ती दोन बंद तोंडं तव्यासारखी तापलेली. मी कान जवळ नेला. आत धडधड होती. अवजड गाडी दमून चढ चढते, तशी. मध्येच गिअर पडल्याचा खरखराट.

मी वळून पाहिलं. आमचं इंजिन बंदच होतं. किल्ली भावोजींच्या बोटात फिरत होती.

"काय रे, काय ऐकतोयस?" ताईने चहाच्या पेल्याआडून विचारलं.

"काही नाही. गार होताना धातू आवाज करतो."

करतो खरा. एवढा तालात करत नाही.

चढ सुरू झाला आणि ताईने गाणं सुरू केलं. आमच्या घरचं एकच गाणं आहे, जुनं, सगळ्यांना पाठ. ताई सुरात गाते, भावोजी स्टिअरिंगवर ताल धरतात, भाची मध्येच हसते. तिसऱ्या कडव्यात मी नेहमी एक मात्रा आधी घुसतो. इतक्या वर्षांत घरच्यांनी ते स्वीकारलंय. त्या ओळीशी सगळे थांबतात, मला एकट्याला आत येऊ देतात आणि मग पुढे जातात. भाची त्याला 'मामाची खिडकी' म्हणते.

वळणामागून वळणं गेली. बाजूला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभे असलेले मालक. आम्ही गात गात त्यांच्या शेजारून गेलो. ताईने तर हात हलवला. चढ जितका उभा होत गेला तितका आमचा काटा खाली गेला. भावोजी इतके खुशीत होते की त्यांनी गुडघ्याची तक्रारही केली नाही.

पिवळा कठडा दिसला.

आधी जळक्या तेलाचा वास आला. ताई गायची थांबली. तिने काट्याकडे पाहिलं. काटा तळाशीच होता.

"दुसऱ्या कुणाची गाडी असेल," ती म्हणाली आणि पुढची ओळ उचलली.

मग त्या वासात दुसरा वास मिसळला. गोड. दाट.

गुलाबाचा.

भावोजींची बोटं स्टिअरिंगवर थांबली. आरशात त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"प्रोफेसर," ते हळूच म्हणाले, "यंदा गुलाबपाणी आणलंच नाहीये. हिने आणू दिलं नाही."

"माहीत आहे."

"मग हा वास..."

उष्णता कुठेतरी जात असणार, हे मीच म्हणालो होतो. ती कुठे चालली होती ते आता केबिनभर दरवळत होतं. याच वळणावर. गेल्या वर्षी. कारण सापडलं नव्हतं.

"थांबायचं का?" भावोजींनी विचारलं.

मी ताईकडे पाहिलं. लेकीच्या हातावर टाळी देऊन ती गात होती. वर अंगण रिकामं होतं आणि आमच्या पाठीमागे तीनशे खुर्च्या. आणि गेल्या वर्षीचं ते लग्न, उभ्याने का होईना, लागलं होतंच. जोडपं सुखात आहे. मी चौकशी केली आहे.

"नको," मी म्हणालो. "चला."

कठडा मागे पडला. वास विरला. काटा हळूहळू वर आला आणि साध्या, शहाण्या जागी स्थिरावला.

लग्न दृष्ट लागण्यासारखं झालं. नवरदेवाच्या आजोबांपासून ते आगंतुकांपर्यंत प्रत्येकाला खुर्ची मिळाली. जे नाचायला उठले त्यांनासुद्धा ताई दर थोड्या वेळाने बसवत होती. कुणी उभं दिसलं की ती मागून खुर्ची सरकवायची. एका पाहुण्याने वैतागून विचारलं, "बाई, मी उभा राहू शकतो का?" ताई म्हणाली, "आमच्याकडे नाही." मिस्त्री सुटाबुटात आला होता. त्याने आमच्या तेलाची कांडी काढून पाहिली, तेल नव्यासारखं लालभडक होतं, आणि तो म्हणाला, "बघा, झालं की नाही?"

विहिणबाई इतक्या खूश झाल्या की निघताना त्यांनी धाकट्या मुलीच्या लग्नाचं कामही ताईला देऊन टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात. इथेच. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते खुर्ची पुसण्याच्या फडक्याने पुसलं.

ताई एक दिवस लेकीकडे राहिली. आम्ही दोघे ट्रक घेऊन दुपारी उतरायला लागलो. उताराला गिअरबॉक्सला कसले कष्ट नाहीत. भावोजी नव्या जावयाचं कौतुक करत होते आणि मी हो हो म्हणत होतो. तेवढ्यात काटा हलला.

वर जाऊ लागला. हवेच्या वर. उन्हाच्या वर. थांबेना.

पिवळ्या कठड्यापाशी भावोजींनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. काटा चढतच राहिला. खाली टपटप आवाज आला. आमचं लाल तेल रस्त्यावर पडताना काळं होत होतं.

मी पुढे जाऊन जाळी उघडली. आमच्या दोन्ही नळ्यांना हात लावायची सोय नव्हती. ती दोन बंद तोंडं मात्र हिमाने पांढरी झाली होती.

"काय आहे?" भावोजींनी खिडकीतून विचारलं.

मी कान लावला. भरलेला ट्रक दमदारपणे चढत होता. त्यावर कुणीतरी गात होतं.

ताईचा सूर ओळखू आला. स्टिअरिंगवरचा ठेकाही. भाचीचं हसू, आणि त्यात एका तान्ह्या बाळाचं किंचाळून हसणं. मला खरोखर आनंद झाला. ताई आजी होणार होती, खुर्च्या पोचणार होत्या.

दुसरं कडवं संपलं. मी नकळत श्वास घेतला.

तिसऱ्या कडव्याच्या त्या ओळीशी सगळे थांबले. माझ्यासाठी ठेवतात तेवढी जागा त्यांनी ठेवली. ती रिकामीच राहिली.

मग, थोड्या वेळाने, ते पुढे गेले.