सुका पाला टाका

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी कोणाला पटवायला बसलो नाही. पण प्रतीक्षा माझी सख्खी मामेबहीण आहे, आणि तिनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्यासमोर भाताचं ताट तसंच गार होत पडलं होतं. तिला भात बघवत नव्हता. का, ते पुढे कळेलच. जेवायला बसला असाल तर आधी उरकून घ्या.

गोष्ट मागच्या वर्षीची. दसरा नुकताच होऊन गेलेला. ठिकाण मलकापूर.

प्रतीक्षा राहते खामगावला. लॉकडाऊनमध्ये तिला गच्चीवर झाडं लावायचा नाद लागला आणि तिनं एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. जिल्हाभरातले हौशी लोक त्यात आले. कोणाच्या टोमॅटोला कीड, कोणाचा मोगरा फुलत नाही, दिवसभर हेच चाललेलं. बाकीचे असे ग्रुप वर्षभरात थंड पडतात. हा टिकला. माणसं एकमेकांच्या घरी जाऊ-येऊ लागली, लग्नकार्यात पंगतीला बसू लागली.

त्यातल्या सत्यभामाबाई म्हणजे सगळ्यांच्या काकू. मलकापूरला एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. प्रतीक्षाचं ऑपरेशन झालं तेव्हा सख्ख्या जावा फिरकल्या नाहीत, आणि ह्या बाई एसटीनं डबा घेऊन आल्या. आठवडाभर राहिल्या. तेव्हापासून दोघींचं रोज बोलणं. प्रतीक्षा म्हणायची, मला देवानं आई दुसऱ्यांदा दिली, फक्त मोबाईलमधून दिली.

काकूंना टाइप करायचा कंटाळा. त्या नेहमी बोलूनच मेसेज पाठवायच्या. मागे कुकरची शिट्टी, मधेच खोकला, आणि शेवटी वऱ्हाडी बायकांच्या पद्धतीनं "बरं, ठेवतो आता."

त्या रविवारी संध्याकाळी त्या फोनवर बोलल्या. छातीत जरा जड वाटते म्हणाल्या. प्रतीक्षानं डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. "हाव, जातो उद्या," म्हणाल्या.

सोमवारी काही आलं नाही.

मंगळवारी सकाळी ग्रुपवर त्यांचा फोटो आला.

अगदी जवळून काढलेला. काळपट, ओलसर काहीतरी. आणि त्यात... बारीक पांढऱ्या अळ्या.

खाली टाइप केलेलं होतं. "वास येऊन राह्यला. काय टाकू?"

आता तुम्ही-आम्ही असा फोटो बघितला तर मोबाईल फेकून देऊ. पण ह्या लोकांची गोष्ट वेगळी. घरचा ओला कचरा ड्रममध्ये कुजवून खत करायचं, हा त्यांचा आवडीचा उद्योग. त्यात अळ्या पडल्या की ह्यांना आनंद होतो. कचरा लवकर खातात म्हणे.

लगेच अंगठे सुरू झाले.

सुलतानपूरचे गोकुळ गुरुजी, ग्रुपमधले जाणकार, त्यांनी लिहिलं, "अळ्या मारू नका जी काकू. सोन्यासारखं खत होईन."

कोणी टाळ्या वाजवल्या. कोणी लिहिलं, आमच्या ड्रमात काऊन पडत नाहीत अशा?

प्रतीक्षानंही उत्तर दिलं. हे उत्तर ती जन्मात विसरणार नाही.

"काकू, ओलं जास्त झालं. सुका पाला टाका भरपूर. वरून निंबोळी पेंड भुरभुरवा. अन् ओलं गोणपाट झाका."

संध्याकाळी एकच शब्द आला. "बरं."

प्रतीक्षाला जरा खटकलं. काकू टाइप कधीपासून करायला लागल्या? तिनं फोन लावला.

फोन बंद होता.

चार्जिंग संपलं असेल, असं तिनं मनाशी धरलं. आणि मोबाईल ठेवणार, तेवढ्यात... त्याच बंद नंबरवरून दुसरा फोटो आला.

अळ्या आता चांगल्या पोसलेल्या. शिजलेल्या भाताच्या शितांएवढ्या. एकमेकींवर चढलेल्या. खाली लिहिलं होतं, "अजून येते वास."

पुन्हा अंगठे.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांचा फोन आला. हे काकूंच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी. प्रतीक्षा तिकडे गेली की त्यांच्याकडे चहा व्हायचा, म्हणून नंबर होता.

"बाई, तुमच्या काकूच्या घरून लय घान वास येऊन राह्यला. आमच्या इथं घास उतरत नाही. माशा तर इतल्या, का विचारू नका."

प्रतीक्षा हसली. हो, हसली. "काका, खताचा ड्रम बिघडला त्यायचा. मी सांगतलं काय टाकाचं ते. जाईन दोन दिवसांत."

"पक्कं ना?"

"पक्कं."

हिंमतराव बिचारे खिडक्या लावून बसले. त्यांनी दार वाजवलं नाही. तिनं एवढ्या खात्रीनं सांगितल्यावर ते तरी कशाला वाजवतील? ह्या खतवाल्यांना वास म्हटलं की खतच सुचतं. दुसऱ्या कोणीही त्या वासाला वेगळं नाव दिलं असतं.

फोन बंदच लागत राहिला, पण मेसेज येतात म्हणजे काकू बऱ्या आहेत, असं ती धरून चालली. शुक्रवारी दुपारी तिसरा फोटो आला.

त्यात अळ्यांच्या मधून तुळशीचे मणी दिसत होते.

गोकुळ गुरुजींनी लिहिलं, "काकू, तुमची माळ पडली वाटते ड्रमात."

प्रतीक्षानं फोटो बोटांनी मोठा केला. माळ पडलेली नव्हती. ती गुंडाळलेली होती. मणी ज्याच्यात रुतले होते, त्याला घडी होती... मानेला असते तशी. आणि घडीच्या आत, ओळीनं, पांढरं काहीतरी हलताना थांबलेलं.

ती तिथंच वॉशबेसिनवर ओकली.

नांदुऱ्यावरून मिळेल त्या गाडीनं ती मलकापूरला पोहोचली तेव्हा ऊन अजून रणरणत होतं. गल्लीच्या तोंडाशीच तो वास आला. सडलेल्या भाजीचा नव्हता. गोडसर, चिकट, घशात जाऊन बसणारा. तिला तो तेव्हा बरोबर कळला. इतक्या उशिरा कळला.

दाराला आतून कडी होती. खिडक्या बंद. हिंमतरावांनी पोलिसांना बोलावलं, दोन पोरांनी दार तोडलं.

दार पडलं आणि आतून माशांचा लोंढा बाहेर आला. तोंडावर, ओठांवर आपटत.

काकू स्वयंपाकघरात खाली पडलेल्या होत्या.

पण दिसत नव्हत्या.

कारण त्यांच्या अंगावर पायापासून गळ्यापर्यंत सुका पाला होता. कडुनिंबाचा. नीट, सारखा पसरलेला, आपण ड्रममध्ये थर देतो तसा. त्यावर निंबोळी पेंड भुरभुरवलेली. आणि तोंडावर... ओलं गोणपाट.

गोणपाट अजून ओलं होतं. पाणी गळत होतं.

हवालदारानं नाकावरचा रुमाल न काढताच विचारलं, "हे कोनं केलं?"

आत यायला दुसरी वाट नव्हती. गच्चीचं दारही आतूनच लावलेलं.

मग पंचनाम्याला पाला बाजूला सारला. त्याखाली जे होतं ते मी लिहिणार नाही. प्रतीक्षानं एकच सांगितलं. काकूंचा उजवा हात पाल्याबाहेर होता. फुगलेला, हिरवट. आणि त्या हाताच्या नखांमध्ये... पेंडीचा काळा भुगा भरलेला.

डॉक्टरांनी सांगितलं, बाई रविवारी रात्रीच गेल्या असाव्यात. हृदय.

मोबाईल फडताळात सापडला. बॅटरी पार संपलेली. चार्ज करून पाहिला तर त्यात एकही फोटो नव्हता. ग्रुपवर मात्र तिन्ही होते, अंगठ्यांसकट.

पोलिसांनी गच्चीवरचा खताचा ड्रमही उघडला. झाकण काढल्यावर आतून पावसाळ्यातल्या शेतासारखा सुगंध आला. कोरडं, भुसभुशीत खत. एक अळी नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा पुण्याहून आला. त्याच संध्याकाळी सगळं उरकलं, ठेवण्यासारखं काही नव्हतंच.

प्रतीक्षा घरी आली आणि आंघोळ करत राहिली. शिकेकाई झाली, डेटॉल झालं, लिंबू झालं. वास जाईना. केसांत आहे म्हणायची, नाकात आहे म्हणायची. ताटात भात वाढला की उठून जायची.

"ती मले विचारून राह्यली होती," एवढंच मला परत परत सांगायची. "चार दिवस विचारून राह्यली होती, वास येते म्हणून. अन् मी तिले पाला टाक म्हनलं. तिनं ऐकलं रे माह्यं. मेल्यावरही ऐकलं."

ग्रुपवर श्रद्धांजलीसुद्धा कोणाला लिहिता येईना. सगळ्यांनी त्या फोटोंना अंगठे दिले होते. गोकुळ गुरुजींनी आपला खताचा ड्रम पेटवून दिला. मुलानं काकूंचं सिम बंद करून टाकलं.

दिवाळीनंतर प्रतीक्षाच्या नवऱ्यानं समजूत घातली, लोक जोडलेले आहेत, ग्रुप मोडू नको. म्हणून तिनं एक-दोन नवीन माणसं घेतली. त्यातली एक अर्पिता. मेहकरला नोकरीसाठी खोली करून एकटी राहणारी पोरगी. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. कोण सांगणार आणि काय म्हणून सांगणार?

एका दुपारी ग्रुपवर मेसेज आला.

काकूंच्या नावानं.

"खत तयार झालं. कोनाकोनाले पाठवू?"

ह्या लोकांची पद्धतच आहे. खत झालं की पहिली ओंजळ मित्रांना वाटायची. प्रतीक्षाच्या हातातून मोबाईल खाली पडला. तिनं तो उचलला, तोवर खाली उत्तर आलेलं होतं.

"मले पाहिजे जी काकू." अर्पिताचं.

प्रतीक्षानं काकूंच्या नावाचा तो मेसेज काढून टाकला आणि अर्पिताला फोन लावला. पत्ता देऊ नको म्हणाली. काही झालं तरी देऊ नको.

"ताई, मी तं देला," पोरगी म्हणाली. "त्यायनं लगेच मले वेगळा मेसेज करून मागतला ना. मी म्हनलं कुरिअर करा. तं काकू म्हनते, मीच एसटीनं घेऊन येतो. आठवडाभर राहतो तुह्याजवळ."

प्रतीक्षानं तिला त्याच संध्याकाळी खामगावला आणवलं, अंगावरच्या कपड्यांनिशी. ती अजून तिथंच आहे. मेहकरच्या खोलीला कुलूप आहे, किल्ली प्रतीक्षाच्या देव्हाऱ्यात आहे, आणि पोरीचं सामान आणायला जायला आमच्यातलं कोणी तयार नाही. मीही नाही.