पाच बाळांची पिशवी

इचलकरंजीत त्या काळी बाळ जन्मलं की कुणी वजन विचारायचं नाही. नाक कुणासारखं, रंग कुणावर गेलाय, हे सगळं नंतर. आधी विचारायचे, "पिशवी कुणाची?"

आणि सातपुत्यांच्या घरातून ठसक्यात उत्तर यायचं, "आमच्या शालूची! तिच्यानंतर चार बाळं झोपलीत त्यात. एकाची साधी तक्रार नाही!"

ही शालू म्हणजे शाल्मली सातपुते, दहावी अ, शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार. हे उत्तर कानावर आलं की ती आतल्या खोलीतून काहीतरी निमित्त काढून बाहेर यायचीच. का येऊ नये? गावात दोन बाळांच्या पिशव्या होत्या, तीन बाळांच्या होत्या. पाच बाळांची एकच, आणि तिच्यात सगळ्यात आधी झोपली होती ती शाल्मली!

त्या पिशवीला म्हणायचे सयपिशवी. सय म्हणजे आठवण. दिसायला ती बाळाची साधी झोपायची पिशवी. वरचा भाग बंडीसारखा, हात मोकळे, खालचा उशीच्या अभ्र्यासारखा बंद. पांघरूण घातलं तर बाळ ते लाथा मारून उडवतं, नाहीतर ते तोंडावर येऊन गुदमरायची भीती. पिशवीत दोन्ही होत नाही. अशा पिशव्या जगभर होत्या. इचलकरंजीच्या मागांवर मात्र एक नवंच सूत विणलं गेलं. त्याला हालचालीची सवय लागायची. बाळाची छाती वरखाली झाली की ते केसभर ताणायचं, केसभर सैल व्हायचं, आणि होता होता ती लय धाग्यात मुरायची. लहान बाळं, त्यातही दिवस भरायच्या आधी आलेली, झोपेत खरोखर श्वास घ्यायचं विसरतात. अशा वेळी पिशवी थांबायची नाही. मुरलेल्या लयीत ती छातीला हलकेच आवळायची, सोडायची, आणि बाळाला श्वासाची आठवण व्हायची.

पुढच्या बाळाला देण्याआधी पिशवी उकळून घ्या, म्हणजे जुनी सय पुसली जाईल, असं कारखाना पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण ऐकतंय कोण! आपल्याकडे नव्या बाळाला कोरं कापड घालत नाहीत. धडधाकट वाढलेल्या पोराचं जुनं झबलं मागून आणतात, त्याचं आयुष्य याला लागावं म्हणून. मग उकळायचं कशाला? त्या पोराचं सगळं चांगलं मोरीत सोडून द्यायला? गावातल्या समस्त आयांनी पिशव्या गार पाण्यात, रिठ्याने, लाडाने धुतल्या आणि पुढे दिल्या.

पिशवी निवडायचा मान आत्याचा. पूर्वी आत्या कुंची आणायची, आता पिशवी.

आणि शाल्मली आत्या झाली. तिच्या दादाला, निरंजनला, मुलगा झाला. पण तो फार लवकर आला. इतका एवढासा की दादाच्या एका तळहातावर मावायचा, आणि मधूनच श्वास घ्यायचं विसरायचा. दवाखान्यात महिना काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. पण पिशवी ठरवून न्या."

"त्यात काय ठरवायचं!" म्हणत शाल्मलीने कपाटातून आपली पिशवी काढली, सायकलच्या बास्केटमध्ये ठेवली आणि थेट डॉ. नफिसा मुजावर यांची प्रयोगशाळा गाठली. ते सूत मुजावर मॅडमनीच शोधलं होतं.

"मॅडम, फक्त गळा बघून द्या. धुवून धुवून सैल झालाय. बाळाचं डोकं आत घसरलं तर?"

"शाब्बास! लोक भरतकाम बघतात गं, गळा कुणी बघत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पिशवी टेबलावर पसरली आणि खालून बाळाच्या अंगाएवढी ऊब सुरू केली.

रिकामी पिशवी श्वास घेऊ लागली.

वर, खाली. वर, खाली. मग एक थांबा, आणि मग हुंदका आवरावा तसा एकच मोठा श्वास.

शाल्मलीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिचे डोळे हे एवढे झाले. "मॅडम! ही तर मी आहे!"

"तूच आहेस."

शाल्मलीने तिथल्या तिथे उडी मारली. वर्गातल्या कुणाचा तरी श्वास असा कापडात विणून ठेवलाय का? "आणि बाकीचे चौघं? जुई, विहंग, माझी पाठची सगळी भावंडं? त्यांचंही मिसळलं असेल ना यात?"

"तेच शोधतेय मघापासून," पडद्यावरच्या रेषांवरून नजर न काढता मॅडम म्हणाल्या. "ते नाहीयेत."

"नाहीयेत म्हणजे?"

"असं बघ. लेझीमच्या पथकात तू नवीन आलीस. ढोल आधीच वाजतोय. काय करशील?"

"ढोलावर पाय टाकीन."

"ढोलाला काही नवीन शिकवशील?"

"मी कशाला शिकवू? तो वाजतोय ना नीट."

"तसंच झालं. तू झोपलीस तेव्हा पिशवी कोरी होती, म्हणून ती तुझ्याकडून शिकली. जुई आली तेव्हा ढोल वाजत होता. चांगली तीन किलोची पोर, स्वतःचा श्वास घेऊन आलेली, पण झोपेत पिशवीच्या मागे मागे गेली. मग तिच्याकडून शिकण्यासारखं पिशवीला उरलं काय? पुढच्या तिघांचं तेच. आणि पहिल्या वर्षात बसलेली लय जात नाही, शाल्मली. मागून चालणं बघून माणूस ओळखता येतो की नाही? तशीच ही. दचकलं की किती थांबायचं, रडू कधी फुटायचं, राग केव्हा उतरायचा, सगळं श्वासावर बसलेलं असतं."

"म्हणजे चौघंही थोडे थोडे मीच!"

"थोडे थोडे नाही गं," मॅडम हळू म्हणाल्या.

शाल्मलीला हसू आलं आणि अर्ध्यावर राहिलं. 'अगदी शालूवर गेलंय,' आई प्रत्येक बाळाबद्दल म्हणायची. चारही वेळा म्हणाली होती. आणि प्रत्येक वेळी शाल्मलीची कॉलर ताठ झाली होती.

"मग आमचं बाळ?"

"त्याचा श्वास तर अजून ठरायचाय. तो पूर्ण तुझ्या मागे जाईल. ही पिशवी त्याला जगवेल, हे मी सही करून देते. गळ्यालाही दोन टाके घालून देते. फक्त जगेल ते कोण असेल, एवढं मला सांगता यायचं नाही."

"उकळली तर?"

"पहिल्या वर्षी उकळली असती तर पुसलं असतं. आता सूतच तसं झालंय."

"आणि कोरी घेतली तर?"

"तिला शिकायला तीनेक आठवडे लागतात. तोवर बाळाच्या पायाला श्वास थांबला की वाजणारी घंटीची पट्टी, आणि ते झोपेत असेपर्यंत शेजारी कुणीतरी जागं. घंटी वाजली की तळपायाला टिचकी. छातीवर हात ठेवायचा नाही, थोपटायचं नाही, नाहीतर कोऱ्या पिशवीत पुन्हा दुसऱ्याचीच लय. तुमच्या डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणतील. पण घरात दम पाहिजे."

खो-खोच्या कर्णधाराला दम विचारत होत्या!

तरी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना शाल्मली मध्येच थांबली. त्या पिशवीत बाळ सुखरूप होतं. कोऱ्या पिशवीत एखादी घंटी ऐकू आली नाही तर? तिने अक्षता वहिनीला एका दमात सगळं सांगून टाकलं.

वहिनीने बाळाचं दुपटं सारखं केलं. ती बार्शीची, सयपिशव्यांच्या गावात न वाढलेली. "तुला एक सांगू, शालू? लग्न होऊन आले, त्या दुपारी तुमची चारही पोरं सतरंजीवर ओळीने झोपली होती. इतकं कौतुक वाटलं! म्हणून बघत बसले. तर चौघंही एकदम कूस बदलत होती गं. मी हळूच दार लावून घेतलं. नवी सून, बोलणार कुणाला?"

"मग आता?"

"मी याला अजून ओळखत नाही. पण मला यालाच ओळखायचंय." वहिनी तिच्याकडे वळली. "तुला वाईट वाटेल. पिशवी तुझी आहे."

"वाटणारच," शाल्मली म्हणाली. "पण चार आहेत की माझ्यासारखे. पाचवा कशाला, कबड्डीचा संघ काढायचाय?"

वहिनी हसली. दादाने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर हो म्हणाले. राहिली आई.

"पाच बाळांची पिशवी घरात, आणि कोरी घालायची?" आईचा पट्टा दुकानाच्या पायरीपर्यंत चालू होता. "लोक म्हणतील, सातपुत्यांना पिशवी मिळंना! तुझं सगळं आयुष्य आहे त्यात, शाले."

"माझं आहे ना? मग मलाच राहू दे की."

दुकानदाराने जरीची टोपी लावलेली निळी पिशवी पुढे केली. आईचा चेहरा खुलला. "बघ, कुंचीसारखी!"

"टोपी नको. झोपेत तोंडावर आली म्हणजे?" शाल्मलीने एकेक पिशवी उलटी करून बघितली. गळ्यात एक बोट जाईल पण डोकं जाणार नाही अशी. हातांची भोकं ढगळ नकोत. खाली बेडकासारखे पाय पसरून झोपायला भरपूर जागा. चेन खालून उघडणारी, म्हणजे लंगोट बदलताना छाती उघडी पडणार नाही. इचलकरंजीच्या उकाड्यात अस्तर कशाला, एकपदरी पुरे. बंद नको, बटण नको, तोडून तोंडात जाईल असं काहीच नको.

"ताई, तुम्हाला किती मुलं?" दुकानदाराने वैतागून विचारलं.

"चार," शाल्मली म्हणाली आणि आईलाही हसू आवरेना.

मग सुरू झाल्या पाळ्या. वहिनी, दादा, शाळेतून आल्यावर शाल्मली. बाळ पाठीवर झोपलेलं, आत्या भूमितीची प्रमेयं घोकत त्याच्या पायाशी. घंटी वाजली की टिचकी. पहिल्या घंटीला तिची टिचकी गादीलाच लागली. दुसरी बरोबर लागली. तळपाय आक्रसला, बाळाने श्वास घेतला, आणि शाल्मलीला राज्यस्तरीय सामना जिंकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी आई तिथे घुटमळू लागली. "अशी मारतात होय टिचकी? सरक. सहा पोरं वाढवलीत मी या हातानं."

पण त्या हातांना हे बाळ कळेना. ही आई स्वयंपाकघरातून नुसतं रडणं ऐकून सांगायची, याला भूक आहे, याचं पोट दुखतंय. गेल्या पंधरा वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. या बाळाचं रडणं मात्र मध्येच सुरू व्हायचं, मध्येच तुटायचं. ती हातातलं पीठ तसंच घेऊन उभी राहायची. "काय मागतंय गं हे? मला कळंनाच झालंय."

शाल्मलीला उत्तर माहीत होतं, पण ते तिने आईला सांगितलं नाही. पंधरा वर्षं आईने एकच बाळ वाढवलं होतं.

घंट्या कमी झाल्या, मग थांबल्या. कोरी पिशवी शिकली. मॅडमनी तपासली आणि म्हणाल्या, "घाईघाईची, वाकडीतिकडी लय आहे. माझ्याकडच्या कुणाशी जुळत नाही." शाल्मलीने हे वाक्य शाळेत किमान दहा जणींना ऐकवलं.

बारशाला घर भरलं. जमलेल्या बायका एकेक करून पाळण्यात वाकून बघत होत्या. कुणावर गेलंय, ते कुणालाच म्हणता येईना. "वेगळंच आहे नाही?" एकजण म्हणाली, तर शाल्मली ताडकन म्हणाली, "आहेच मुळी!" नवीन परकर-पोलकं, केसात अबोलीचा गजरा, आणि मान अशी ताठ की गजरा हलत नव्हता.

नाव सांगायची वेळ झाली. आत्या बाळाच्या कानाशी वाकली. आत्याने कानात कुर्र केलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, म्हणून जुई, विहंग आणि मधले दोघं तिच्या मागे हात उगारून तयार होते. खोली शांत झाली.

"कुर्र... अनिकेत," शाल्मली पुटपुटली.

धप्प!

चार हात होते. आवाज एकच आला.

बाळ दचकलं. त्याचे डोळे मिटले, मूठ वळली, आणि छाती थांबली. पिशवी हलकेच आवळली, पण छाती उठली नाही. आईचा हात झटकन पाळण्यात गेला. वहिनीने तो मनगटाला धरला. "थांबा, आई. त्याची आहे ती. त्याला घेऊ द्या."

शाल्मलीनेही श्वास रोखला होता. पाठीमागून जराही सळसळ नव्हती. तिच्याबरोबर चौघंही थांबले होते.

पिशवी पुन्हा आवळली, आणि अनिकेतने श्वास घेतला. छोटा, घाईचा, मध्येच अडखळून पुढे गेलेला. कुणाच्याही मागे न गेलेला. मग त्याने जोरात भोकाड पसरलं, आणि आत्याचा ऊर इतका भरून आला की पोलक्याची शिवण उसवेल असं वाटलं. तिने निवडलं होतं हे. या खोलीत हा एकटाच असा होता, आणि तो तिच्यामुळे होता.

वहिनीने बाळाला उचललं. शाल्मली अजून पाळण्यावर वाकलेलीच होती. छातीत कोंडलेला श्वास आता सुटणार होता, हुंदका आवरल्यासारखा, एकदम. तिने तो धरून ठेवायचा प्रयत्न केला. वेगळ्या वेळी सोडून बघावा, एकदाच.

जमलं नाही. तो सुटला. आणि तिच्या पाठीमागे, त्याच क्षणी, चौघांचाही सुटला.