पासिंगचं चाक

फोन आला तेव्हा ईरा गुप्ते पेणच्या तपासणी मैदानावर एका स्कूटरचा हॉर्न वाजवून पाहत होती.

"मॅडम, हवालदार मनाली बोलतेय. शुक्रवारी खांबच्या उतारावर मोटरसायकल टेंपोखाली गेली ना, ती तपासून द्यायचीय. पोरगा जागच्या जागी गेला."

"नंबर सांगा."

मनालीने नंबर सांगितला. ईरा लिहिता लिहिता थांबली. हाच नंबर तिने गेल्या सोमवारीही लिहिला होता. त्याच्यापुढे 'पास' हा शेराही तिनेच मारला होता.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची पुन्हा नोंदणी करायची, तर आधी ती मोटर वाहन निरीक्षकापुढे आणावी लागते. निडीचा विठू, कंपनीत शिफ्ट करणारा बावीस वर्षांचा मुलगा, वडिलांची गाडी घेऊन आला होता. पहिल्या खेपेला ईराने ती नापास केली. मागचा टायर गुळगुळीत, मागचा ब्रेक कमजोर, ब्रेकचा दिवा बंद, हॉर्न मुका, आरसे नाहीत, साखळी लोंबणारी. विठू हसून म्हणाला होता, "मॅडम, एवढ्या विषयांत तर मी दहावीलापण उडालो नव्हतो."

दुसऱ्या खेपेला सगळं ठीक होतं. अगदी ठीक.

दुपारी ती पोलीस ठाण्याच्या आवारात पोचली. मनालीने तिच्या हातात तक्रारअर्ज ठेवला.

"विठूच्या बापाचा, कमळाकरचा अर्ज. कमरुद्दीन मेकॅनिकने ब्रेकचं काम खोटं केलं, ब्रेक लागलाच नाही, असं म्हणणं आहे."

ईराने कोपऱ्यातली गुलाबी जेमक्लिप काढून पानं उलटली. अक्षर मोत्यासारखं होतं.

"माधवराव सरांनी लिहून दिलाय," मनाली म्हणाली. "कमळाकरला कुठं लिहायला येतंय!"

ईराला एवढ्या त्रासातही बरं वाटलं. रोह्याला तिला आठवीत विज्ञान शिकवलं ते याच सरांनी. निवृत्तीनंतर ते गोरगरिबांचे अर्ज फुकट लिहून देत, फायली करून देत. त्यांच्या हातून सुटलेला एकही कागद परत येत नसे.

"तुमचा अहवाल आला की कमरुद्दीनला आत घेते," मनाली म्हणाली. "साहेबांना उद्या संध्याकाळपर्यंत हवाय."

"टेंपोवाला काय म्हणतो?"

"म्हणतो, ब्रेकचा लाल दिवा लागला आणि मागचं चाक एकदम गच्च झालं. हे बघा फोटो."

फोटोत डांबरावर लांबच लांब काळा पट्टा होता. ईराने तो दोनदा पाहिला. ब्रेक लागला नसता तर चाक फिरत राहिलं असतं. हे चाक अडकलं होतं.

गाडी भिंतीला टेकवून ठेवली होती. काळी, शंभर सीसीची. एके काळी हे मॉडेल घरोघरी होतं. माधवराव सरांकडेही होतं. गाड्यांची कागदपत्रं करून देणारा एजंट हितेश तर अजून तेच फिरवतो. ईरा उकिडवी बसली. मागच्या चाकाची ब्रेकप्लेट, म्हणजे ब्रेकचं गोल झाकण, जागेवरून फिरली होती आणि ब्रेकची सळई तिच्याभोवती गुंडाळली गेली होती. ती प्लेट एका लोखंडी पट्टीने धरून ठेवलेली असते. पट्टीच्या बोल्टचा नट पडू नये म्हणून त्यात आरपार स्प्लिट पिन घालतात. इथे नट नव्हता. पिनही नव्हती. भोकात बोटाच्या पेरापेक्षा लहान तारेचा तुकडा अडकला होता, वर गुलाबी प्लास्टिकची साल.

"वायर असेल," मनाली म्हणाली.

"वायर आतून तांब्याची असते. ही पोलादी आहे." ईराने तुकडा पाकिटात टाकला.

मग तिने टायरवर हात फिरवला. गुळगुळीत! नक्षीचा मागमूस नाही. तिने व्हॉल्व्हजवळची रिम पुसून पाहिली. पुन्हा पुसली.

"काय शोधताय?"

"माझी खूण."

नापास झालेला भाग दुरुस्त होऊन आला की ईरा त्यावर सोनेरी ठिपका द्यायची. रंग हमरापूरच्या पुतळीमावशीचा. गणपतीच्या मूर्तींवरच्या दागिन्यांसाठी ती सोनेरीत किंचित शेंदूर मिसळून स्वतःच्या हाताने घोटायची. तो बाजारात मिळत नसे. आरशांवर ठिपके होते. दिव्यावर होता. साखळीच्या झाकणावर होता. चाकावर नव्हता.

"मनाली, मी पास केलं ते चाक हे नव्हे."

कमरुद्दीनच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. त्यावर दगडांचे पोचे पडले होते. त्याची बायको जुबेदा वाकून बाहेर आली आणि ईराचा गणवेश पाहून तिथेच उभी राहिली.

"न्यायला आलात काय?"

"नाही. विचारायला."

कमरुद्दीन आत रिकाम्या पाटावर बसला होता. हात स्वच्छ होते. मेकॅनिकचे इतके स्वच्छ हात ईराने कधी पाहिले नव्हते.

"विठूच्या गाडीचं काय काय केलंत?"

"हॉर्न, दिवा, आरसे, साखळी."

"मागचा ब्रेक?"

"नाय. विठू बोलला, चाचा, मागचं चाक नि ब्रेक ऱ्हाऊ द्या, त्याची सोय झालीय."

"कुणी केली सोय?"

"इचारलं मी. 'आपल्याच माणसानं,' बोलला. लाजला जरा. मी पावतीवर लिवलंय तसं, पण पोलीस बोलतात मागनं लिवलंस."

"पट्टीच्या बोल्टात पिनेऐवजी तार होती."

कमरुद्दीनने पहिल्यांदा मान वर केली. "तार? मॅडम, तीस वर्सं झाली. पिन नसंल तर गाडी उंबऱ्याबाहेर जात नाय माझ्याकडनं. गिऱ्हाईक शिव्या घालतो, तरी नाय."

"गावाला सांगा की ते," जुबेदा म्हणाली. "चार दिवस दळणवालीसुद्धा बोलत नाय माझ्याशी. तमीम शाळेतनं रडत आला. पोरं त्याला 'ब्रेकवाला' बोलतात."

हितेश एजंट बाजारात सापडला. विठूचं चाक कुणी बदललं, हा प्रश्न ऐकताच त्याने दोन्ही हात वर केले.

"मॅडम, मी कागदाचा माणूस. पाना उलटा धरतो की सुलटा, तेबी मला ठाव नाय."

"विठूची फाईल तुम्ही केलीत?"

"कुठली! त्याची फुकटात झाली. समाजसेवा हो! गावात समाजसेवा करणारे असल्यावर आमच्यासारख्यानं काय खायचं?"

तो चिडून बोलत होता. म्हणूनच ईराला ते खरं वाटलं.

रात्री तिला अहवालाची पहिली ओळसुद्धा सुचली नाही. फुकटात फाईल कोण करतं, हे तिला माहीत होतं. ते तिला माहीत असायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत सातवी गाडी उजमाची होती. उजमा रोह्याजवळच्या बालवाडीत शिकवायची. गाडी तिच्या अब्बांची, काळी, शंभर सीसीची. महिन्यापूर्वी मागच्या ब्रेकसाठी नापास झालेली.

ईरा मागच्या चाकाशी वाकली. टायर नवा. ब्रेक छान. आणि व्हॉल्व्हजवळ, रिमवर, सोनेरी ठिपका. उन्हात त्यातला शेंदूर चमकत होता.

तिने अजून रंगाची डबीही उघडली नव्हती.

"उजमा, हे चाक कुणाचं?"

उजमाचा चेहरा उतरला. "माझंच."

"संध्याकाळी परत कुणाला द्यायचंय?"

"मॅडम, त्यांनी माझ्यावर उपकार केलेत. मी नाव नाय घेणार."

"नको घेऊस. याच चाकाच्या जागी जुनं चाक बसवलं आणि विठू गेला."

उजमा गाडीपासून दोन पावलं मागे सरली. तिने नाव घेतलं नाही. पण रडता रडता म्हणाली, "मला वाटलं, शिकवणारा माणूस चुकीचं कसं सांगंल?"

दुपारी चार वाजता ईरा माधवरावांच्या ओटीवर पोचली. सोबत मनाली होती आणि ईराच्या सांगण्यावरून कमरुद्दीनही. सर जाड चष्म्यातून कुणाचा तरी रेशनकार्डाचा अर्ज लिहीत होते.

"ये, बाळ! अगं, आधी कळवायचंस. कमरुद्दीन, तू..." ते थांबले.

ओटीच्या कडेला चादरीखाली त्यांची मोटरसायकल होती. ईराने चादर काढली. काळी, लखलखीत, आणि मागचं चाक नसलेली. ती दोन विटांवर उभी होती.

"सर, आठवीत तुम्ही ही गाडी स्टँडवर लावून चाक फिरवायचात आणि जडत्व शिकवायचात. ते चाक कुठे आहे?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"मी सांगते. ते पेणला माझ्या मैदानावर आहे, उजमाच्या गाडीला. सोमवारी विठूच्या गाडीला होतं. ब्रेकप्लेटसकट नवं ठेवलेलं चाक. ज्याची गाडी मागच्या चाकात नापास होईल त्याला एका दिवसासाठी द्यायचं, पास झालं की काढून घ्यायचं. माझ्या मैदानावर गाडी परीक्षेला बसतच नव्हती, सर. चाक बसत होतं."

"गरीब लेकरं आहेत, ईरा," सर हळू म्हणाले. "कुणाला परवडतं? गाडी नाही तर शिफ्ट चुकते, शिफ्ट चुकली तर नोकरी जाते. मी एक पैसा घेतला नाही कुणाकडून."

"हो. म्हणून कुणाला शंकाही आली नाही. सोमवारी संध्याकाळी तुम्ही विठूचं जुनं चाक परत लावलंत. काढताना जुनी स्प्लिट पिन मोडली. नवी नव्हती. हाताशी जे होतं ते घातलंत." तिने पाकीट उघडून तारेचा तुकडा त्यांच्या अर्जावर ठेवला. "ही तार शुक्रवारपर्यंत टिकली. मग तुटली, नट पडला, प्लेट फिरली. उतारावर विठूने ब्रेक दाबला आणि चाक जखडलं. ब्रेक लागला नाही असं नाही. ब्रेक सुटलाच नाही."

टेबलावर रंगीत जेमक्लिपांची डबी होती. सगळ्यांचे डोळे तिच्यावर गेले.

"डोळ्यांनी नीट दिसत नाही आताशा," सर म्हणाले. "उद्या कमरुद्दीनकडून पिन घालून घे, असं सांगणार होतो त्याला. तेवढ्यात कुणीतरी दाखल्यासाठी आलं. सांगायचं राहून गेलं."

"आणि कमळाकर अर्ज लिहून घ्यायला आले तेव्हा?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तेव्हा काय राहून गेलं, सर? वर्गात कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं तर दिवसभर उभं करायचात तुम्ही. कमळाकरच्या दुःखात बसून कमरुद्दीनचं नाव लिहिताना तुमचं अक्षर जरासुद्धा हललं नाही. मी पाहिलंय ते."

माधवराव कमरुद्दीनकडे वळले. "कमरुद्दीन, मला वाटलं, आठ दिवसांनी शांत होईल सगळं..."

"व्हय," कमरुद्दीन म्हणाला. "तुमचं झालं असतं शांत." तो चपला घालू लागला. मग थांबला. "तमीमला तुमच्याकडं गणिताला धाडतो मी. परवा त्यानं मला इचारलं, अब्बा, तुम्ही खरंच पिन नाय घातलीत? घरात इचारलं, सर. माझ्या पोरानं." तो पायऱ्या उतरून गेला. मागे वळला नाही.

मनालीने कोरे कागद पुढे सरकवले. गावाचे अर्ज लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचा जबाब लिहायला घेतला. ईरा शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तीही लिहू लागली. जुन्या, गंजक्या गाडीला नवं कोरं चाक पाहूनही आपण एक प्रश्न विचारला नाही, हे तिच्या कागदावर पहिल्या ओळीत आलं.

सरांची दोन पानं भरली. त्यांनी कडा जुळवल्या. सवयीने त्यांचा हात डबीकडे गेला, एक गुलाबी क्लिप बोटात आली आणि तिथेच थांबली. बोटांतून ती सुटेना, आणि कागदावर लागेना.

ईराने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दोन्ही पानं सुटीच मनालीकडे दिली.