गुलाबाची फ्लॉपी

फ्लॉपी म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. आमच्या शिर्डीच्या कारखान्यातलं सहा हेडचं भरतकामाचं मशीन पेनड्राइव्हला ओळखत नाही. त्याच्या तोंडात फ्लॉपीच घालावी लागते. मी राम, पंचवीस वर्षं त्या मशीनशी संसार केलाय. चादरीवरचं, शालीवरचं डिझाईन कॉम्प्युटरवर टाका-टाका करून बसवायचं, त्याला आमच्यात पंचिंग म्हणतात. बसवलेलं डिझाईन फ्लॉपीवर, फ्लॉपी मशीनमध्ये, आणि सहा सुया एकदम खाली.

आता नव्या फ्लॉप्या कुठं मिळत नाहीत. त्यामुळं एखाद्या डिझाईनची नक्कल करायची तर आपलीच एखादी जुनी फ्लॉपी त्यासाठी पुसावी लागते. साध्या कॉपी-पेस्टनं हे काम होत नाही. मशीनची फ्लॉपी कॉम्प्युटरवर उघडली तर रिकामी दिसते. मग कोपऱ्यातला जुनाट कॉम्प्युटरचा डबा चालू करायचा, काळ्या स्क्रीनवर डिस्ककॉपी टाईप करायचं, पुढं ए, पुन्हा ए, एंटर. तो म्हणतो सोर्स घाला, म्हणजे जिच्यातून घ्यायचं ती. मग म्हणतो टार्गेट घाला, म्हणजे जिच्यावर उतरवायचं ती. खाच एकच, त्यामुळं ही काढ, ती घाल, असं तीन-चारदा चालतं. टार्गेटवर आधी काय होतं हे तो विचारत नाही. सरळ त्याच्यावरून जातो.

हे सगळं मी ज्याला शिकवलं तो कानिफनाथ. सहा वर्षांपूर्वी कोल्हारहून आला तेव्हा त्याला सुईत दोरा घालता येत नव्हता. बायको नाही, पोर नाही, बसस्टँडमागं एका खोलीत एकटाच राहतो. आणि हा बाबा असला गुलाब बसवतो म्हणून सांगू! पाकळीच्या कडेला टाके असे वळवतो की हात लावला तर दव लागेल असं वाटतं. आमच्या मालकीण रतनबाई तर उठता-बसता म्हणतात, "कानिफचाच गुलाब टाका. गिऱ्हाईक दुसरं घेतच न्हाई." माझी मोराची किनार, माझ्या वेली, सगळं मागच्या कपाटात धूळ खात पडलं.

खोटं कशाला बोलू? मी जळायचो. तो "रामभाऊ, यवढं बघा की" म्हणून कापड पुढं करायचा, मी "बरं हाय" म्हणायचो आणि दिवसभर माझं डोकं तापलेलं असायचं.

तरी ते कारखान्यापुरतं होतं. घरी पुणतांब्याला आलो की मी राजा. पण फेब्रुवारीत माझ्या मुलीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न ठरलं. वैशाखातली तारीख धरली. एका रात्री जेवताना मी म्हणालो, "ज्ञानू, तुझ्या शेल्यावर काय टाकू सांग."

ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "पप्पा, कानिफकाकांचा गुलाब टाकायचा का? त्यांना सांगाल?"

"आणि मी काय मेलोय?"

"तसं नाही हो. तुमचंही छानच असतं. पण..."

त्या 'पण'वर मी हातातला घास परत ताटात ठेवला. माझी बायको धनश्री म्हणाली, "अहो, हौस आहे पोरीची. सांगा ना." मी सांगतो म्हणालो. पण सांगणार कोण? माझ्या लेकीच्या अंगावर त्याचं काम? गुलाबच पाहिजे ना, मग मी देतो गुलाब. मीच बसवला म्हणून देतो. तिनं एकदा तोंडभरून "पप्पा, काय सुंदर केलंय" म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं.

पुढच्याच आठवड्यात कानिफची आई दगडाबाई आजारी पडली आणि तो दोन दिवस कोल्हारला गेला. दुपारच्या आरतीला बाकीचे खाली उतरले. खालच्या दुकानातून पेढ्यांचा आणि गुलाबाच्या हारांचा वास जिन्यातून वर येत होता. मी कानिफच्या खणातून त्याची फ्लॉपी काढली. माझ्या कपाटातून एक जुनी घेतली. तिचा कागद कधीच गळून गेला होता, तिच्यावर काय होतं ते मला आठवेना. असेल काहीतरी जुनंपानं, म्हटलं.

डिस्ककॉपी ए, ए. सोर्स. टार्गेट. सोर्स. टार्गेट. ड्राइव्ह घरघरत राहिला. शेवटी विचारलं, आणखी एक कॉपी करायची? मी नाही म्हणालो. माझी फ्लॉपी बाहेर काढली तर ती गरम लागली. चहाच्या कपाला लागते तेवढी गरम. जुना डबा, तापतो, म्हटलं.

चिंधीवर चालवून बघितली. तोच गुलाब, टाका न टाका तोच. मी एकटाच हसलो.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर धनश्रीनं ट्रंक उघडून बाळपणाचे कपडे काढले होते. ज्ञानू एक फ्रॉक अंगाला लावून हसत होती. तिच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक. माझं आयुष्यातलं पहिलं पंचिंग त्याच्या छातीवर होतं, दोन चिमण्या. एकीची चोच मी चुकून वाकडी बसवली होती.

चिमण्या नव्हत्या. गुलाब होता.

नवा असता तर मी कुणाच्या तरी नावानं बोंब मारली असती. पण तो जुना होता. धुऊन धुऊन विटलेला, एका पाकळीचा दोरा सुटलेला, बावीस वर्षांचा. मी कापड उलटं केलं. मागंही गुलाबाच्याच गाठी. चिमण्यांच्या सुईचं एकही भोक नव्हतं.

"ह्याच्यावर चिमण्या होत्या," मी म्हणालो.

"चिमण्या कुठल्या?" धनश्री म्हणाली. "कानिफभाऊंनी केलेला ना हा?"

"अगं, कानिफ सहा वर्षांपूर्वी आलाय!"

ती तडक उठली. आतून अल्बम आणला. वाढदिवसाचा फोटो. मी ज्ञानूला कडेवर घेतलेलं, तिच्या छातीवर गुलाब. आणि माझ्या मागं, हातात पेढ्यांचं ताट घेऊन, मिसरूड फुटलेला कानिफ. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते. तो एकटा ज्ञानूकडं बघत होता.

मी भ्यायला पाहिजे होतं. भीती वाटलीही. पण देवाशपथ, तिच्या आधी राग आला. एवढी एक गोष्ट माझी होती, तीही ह्या माणसानं खाल्ली!

रात्रभर त्या पुसलेल्या फ्लॉपीचा विचार करत पडलो. तिच्यावर माझ्या चिमण्याच असणार, आणि त्यांची दुसरी कॉपी कुठंच नव्हती. सकाळी कारखान्यात आल्या आल्या त्या नव्यानं बसवायला घेतल्या. पंख बसवायला गेलो, पाकळी झाली. पुसलं. चोच केली, काटा झाला. पुसलं. हात माझाच, वळण त्याचं. अकरा वाजता मी माऊस आपटला.

मग डोक्यात आलं, की मूळ गुलाबच राहिला नाही तर? त्याच्या फ्लॉपीवरच माझं काहीतरी उतरवायचं. तिथून गुलाब गेला की फ्रॉकवरूनही जाईल. आणि कानिफचा तोरा उतरेल तो वेगळाच. हा दुसरा विचार मला जास्त आवडला, लपवत नाही.

माझ्याकडं एक फ्लॉपी होती, तिच्यावर फक्त घरची कामं. दारावरचं तोरण, धनश्रीच्या साडीची किनार, ज्ञानूच्या उशीवरचं नाव. कुठल्याही गिऱ्हाइकाला मी त्यातलं काही दिलं नव्हतं. तीच घेतली. म्हटलं, बस माझ्या घरच्या कामाखाली, कान्या!

आरतीला सगळे उतरले. दोन्ही फ्लॉप्या काळ्या, सारख्याच. माझ्या फ्लॉपीला कागद नव्हताच. त्याच्या फ्लॉपीवरचा कागद मी सोलून टाकला, नंतर कुणाला कळू नये म्हणून. तेवढी अक्कल चालवली.

सोर्स. माझी घातली.

टार्गेट. त्याची घातली.

सोर्स. माझी.

जिन्यावर पावलं वाजली. कानिफच्या चपला मी ओळखतो. तो उद्या येणार होता.

दोन्ही फ्लॉप्या माझ्या हातात होत्या. दोन्ही गरम. कुठली माझी? मी उलटून पाहिल्या, पालटून पाहिल्या. स्क्रीन टार्गेट मागत होती. पावलं वर येत होती. मी एक घातली.

घरघर थांबली. आणखी एक कॉपी करायची?

नाही.

स्क्रीन पुसली गेली. तोच प्रश्न पुन्हा आला.

नाही. नाही.

आणि ड्राइव्ह आपोआप फिरायला लागला.

"रामभाऊ, जेवला न्हाई व्हय अजून?" कानिफ आत आला. पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले, खुर्चीत बसला. माझ्या खुर्चीत. आई कशी आहे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यात बांगड्या वाजल्या.

ज्ञानू होती. हातात डबा, खांद्याला लग्नपत्रिकांची पिशवी. जिना चढून धापा टाकत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून पुढं गेलो.

ती माझ्या बाजूनं निघून गेली.

"पप्पा, डबा विसरलात तो विसरलात, वर फोनपण उचलत नाही," ती कानिफला म्हणाली. "आई किती चिडलीय माहितीय?"

"आरं देवा. बस, बस," कानिफ म्हणाला आणि डब्याचं झाकण उघडलं. मेथीची भाजी होती. धनश्रीच्या हातची, लसूण ठेचून घातलेली.

"ज्ञानू," मी म्हणालो.

तिनं वळून बघितलं. किती गोड हसली. परक्या माणसाला आदरानं हसतात तशी.

"अय्या काका, तुम्ही इथंच! बरं झालं. कारखान्यातली पहिली पत्रिका तुम्हालाच." पिशवीत शोधून तिनं एक लिफाफा काढला आणि वाकून माझ्या पाया पडली. "नक्की यायचं हं. घरचंच कार्य आहे."

मी लिफाफा घेतला. तिच्याच अक्षरात माझं नाव होतं, श्रीयुत राम. नावापुढं 'सहकुटुंब, सहपरिवार' असं छापलेलं होतं. तेवढं मात्र तिनं पेनानं खोडलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, अगदी बारीक रेघेनं.