चिकाचा तिसरा दिवस

कात्रपच्या त्या मुलींच्या वसतिगृहात सगळं होतं. चोवीस तास पाणी होतं, गच्ची होती, वसतिगृह सांभाळणाऱ्या माईंची करडी नजर होती. फक्त फ्रीज नव्हता. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आलेल्या अस्मितानं पहिल्या रात्री दुधाची पिशवी पाण्याच्या बादलीत ठेवली, तरी सकाळी दूध नासलंच. ते ओतायला ती फाटकाबाहेरच्या बदामाच्या झाडापाशी गेली, तेवढ्यात धुक्यातून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल आली आणि थांबली.

"मॅडम, झाडाला दूध? नागपंचमी कधीच झाली."

"नासलंय ते!"

"कालची पिशवी ना? नासणारच." तो शिरगावचा भूपेश. घरच्या सहा म्हशी, पहाटेचं दूध स्वतः घालायचा. "सहाला ताजं घ्या, लगेच तापवा. अर्धं प्या. उरलेलं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवा, वर ओलं फडकं टाका. संध्याकाळपर्यंत काही होत नाही."

"आणि झालं तर?"

"तर मला ओरडा. मी रोज इथूनच जातो."

अस्मिता रोज खाली येऊ लागली. कोमट दुधात आदल्या दिवशीची पोळी कुस्करायची, वर साखर… नाश्ता झाला. पण दूध घ्यायला पावणेसहाला काजळ कशाला लागतं, हे खोलीतल्या स्वप्नालीला काही कळेना.

"तुमचं माप आज जास्त पडलं," अस्मिता एकदा म्हणाली.

"धुक्यात नीट दिसत नाही ओ."

"स्वप्नालीच्या वेळेला तर बरोबर दिसतं!"

भूपेश कॅनचं झाकण लावत बसला. लागलेलं झाकण पुन्हा पुन्हा लावत बसला. ती हसतच जिना चढली. दिवसभर वॉर्डात पेशंटची नाडी मोजताना तिला आपलीच नाडी ऐकू यायची.

मग प्रॅक्टिकल परीक्षेचा दिवस आला. रात्री जागून अभ्यास केलेला, तिला उशिरा जाग आली. भूपेशनं तिच्या नावाची दुधाची बाटली फाटकाला टांगून ठेवली होती. दूध आज पिवळसर दिसत होतं, दाटही होतं. तिनं ते घाईघाईनं शेगडीवर ठेवलं आणि बघता बघता त्याचा गठ्ठा झाला, खाली करपलं. ती उपाशीच परीक्षेला गेली. रक्तदाब मोजताना ती आकडा चुकली, परीक्षक बाई सगळ्यांसमोर बोलल्या.

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी आली ती तावातच.

"पाणी घातलं असतंत तरी चाललं असतं. नासकं कशाला दिलंत? तेही परीक्षेच्या दिवशी?"

"नासकं…?" भूपेश एवढंच म्हणाला.

"उद्यापासून नको मला तुमचं दूध."

तो मोटरसायकलवर बसला. "बरं," म्हणाला आणि गेला.

तिसऱ्या सकाळी मोटरसायकल न थांबता निघून गेली. तो आवाज दूर जाईपर्यंत अस्मिता खिडकीत उभी होती. नंतर ती कोरा चहा घेऊन खाली बसली, तेव्हा माईंनी विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं.

"पिवळसर होतं? आणि तापवल्यावर गठ्ठा?" माईंनी कपाळावर हात मारला. "अगं, चीक होता तो! म्हैस व्याल्यावरचा. खरवस करतात त्याचा. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात पिशवीचं दूध पिऊन वाढलीस तू, तुला काय कळणार!"

"मग सांगायचं ना त्यानं…"

"काय सांगेल? त्यांच्या घरी चीक विकत नाहीत. आपल्या माणसांनाच देतात. पंधरा वर्षं दूध घेतेय मी, मला चमचाभर नाही मिळाला!" माई तिच्याकडे बघत राहिल्या. "तीनच दिवस असतो तो. आजचा शेवटचा."

अस्मितानं चहाचा कप खाली ठेवला. तिचं घर क्वार्टरांमधल्या निळ्या झेंड्याच्या गल्लीतलं, त्याचं गोठ्याच्या अंगणातलं. दोन्हींच्या मधे किती काय काय उभं होतं… ते सगळं ओलांडून त्यानं एक बाटली फाटकाला टांगली होती. आणि ती म्हणाली, नासकं.

तिनं माईंना त्याचं घर विचारलं, चप्पल पायात सरकवली, रिक्षा पकडली.

शिरगावात भूपेश म्हशीपुढे वैरण टाकत होता. तिला पाहून पेंढी हातातच राहिली.

"चीक हवाय," अस्मिता धापा टाकत म्हणाली.

"विकत नाही देत आम्ही."

"माहीत आहे."

"मग कोणाला देतात, तेही…?"

"तेही माहीत आहे. माईंनी सांगितलं." ती एक पाऊल पुढे आली. "परवा मला कळलं नव्हतं. आज कळून मागतेय."

अंगणात ऊन नुकतं उतरत होतं, रेडकू कुठंतरी हंबरलं.

"नीट विचार कर, अस्मिता. एकदा घेतलास की परत नाही करता येत."

"विचार रिक्षातच केला. सगळा." ती हळूच म्हणाली, "भांडं मात्र आणायचं राहिलं…"

"मग खरवस इथंच खावा लागेल."

"खाईन की."

घरातून वेलचीचा वास आला, पाठोपाठ त्याच्या आईचा, सखूबाईंचा आवाज. "कोन आयलंय रं, भूपेश?"

भूपेशनं वैरण खाली ठेवली. हात झटकले. अस्मिताकडे बघत, घरात नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"आपलंच माणूस हाय, आये. एक ताटली वाढव."