कडी बाहेरून

सरकून बसा रे, आणि ते मोबाईल ठेवा खाली. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही. आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची आहे. सत्तावीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. थापा मारणारा माणूस नव्हे तो.

निवृत्त झाल्यावर त्यानं खेड्यात एक जुनं घर घेतलं. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, लेक परदेशी. घर अकरा वर्षं बंद, म्हणून पडत्या भावात मिळालं. कौलं फुटलेली, फरशी उखडलेली, वाशांना वाळवी. पण शेजार मात्र असा मिळाला की गडी हरखूनच गेला! शहरात तीस वर्षं समोरच्या दारातला माणूस ओळख दाखवत नव्हता, आणि इथं पहिल्याच दिवशी चहाची किटली हजर.

डावीकडे गिरणीवाले. काम संपेपर्यंत रात्री झोपायला त्यांच्याचकडे. "अहो, अर्धवट घरात कसले झोपता?" समोर वेल्डर. त्यानं खिडक्यांना नवे गज बसवून दिले, मजुरीचं नाव काढू देईना. उजवीकडे मास्तरीणबाई, वयस्कर, मऊ बोलायच्या. "मागचं दार बुजवून टाका हो," त्यांनीच सुचवलं. "चोराचिलटांची भीती." गिरणीवाल्यांनी स्वतः विटा लावल्या. संध्याकाळी सगळे अंगणात बसत, गप्पा झडत, हा पोट धरून हसे.

एकच गोष्ट जरा खटके. गिरणीवाल्यांकडे रात्री दार वाजायचं. टक, टक, टक. कुणी उठायचं नाही. "मांजर आहे," गिरणीवाले म्हणायचे, आणि पांघरूण डोक्यावर घ्यायचे.

डिसेंबरचा दुसरा शनिवार. घर तयार झालं. त्यानं तिन्ही घरांना जेवायला बोलावलं. आग्रह करकरून वाढलं. सव्वानऊला सगळे एकदम उठले.

"आता सुखानं राहा," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्याचेही भरले.

दार ओढून घेतलं त्यांनी. आणि बाहेरून कडीचा आवाज आला.

चुकून लागली असेल. त्यानं हाक मारली. कुणी वळलं नाही. गिरणीवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या घरात घंटी वाजताना त्याला भिंतीतून ऐकू येत होती. मग ती बंद झाली. मागं गेला, तर विटा. खिडकी, तर गज.

पावणेदहाला मागच्या खोलीत आवाज झाला.

टक, टक, टक.

त्यानं खोली उघडली. रिकामी. ओला रंग, नवी फरशी. आवाज भिंतीतून येत होता. खालून. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवरून.

तो खिडकीशी धावला. "अहो बाई! बाई!"

मास्तरीणबाई गजांपलीकडे अंधारात उभ्याच होत्या.

"ओरडू नका हो. या घरची म्हातारी आहे. पडली होती त्या खोलीत. तीन दिवस भिंत वाजवत होती."

"मग... तुम्ही?"

"भांडखोर होती फार. मला वाटलं गिरणीवाले जातील. त्यांना वाटलं मी जाईन. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. म्हटलं, गेलं असेल कुणीतरी."

तो गज धरून उभा राहिला.

"अकरा वर्षं रोज आमची दारं वाजवते. आता घरात माणूस आलंय. आता ती घरातच राहील. पहिली रात्र काढा, मग सवय होते."

"कडी काढा... पाया पडतो..."

त्या गेल्या. समोर वेल्डरनं टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानं दार बडवायला सुरुवात केली. तीनदा बडवलं.

मागून उत्तर आलं. टक, टक, टक.

तो थांबला. ती थांबली.

त्यानं पुन्हा बडवलं. उत्तर आलं... खोलीतून नाही. स्वयंपाकघरातून. फरशीवरून.

काहीतरी घासत येत होतं. हळू. थांबून... पुन्हा.

त्यानं हात खाली घेतला. श्वास रोखला.

टक.

अगदी पायाशी.

मग त्याचा डावा पायच उरला नाही जणू. तो बसला. कुणीतरी शेजारी टेकलं.

सकाळी सातला कडी निघाली. तिघंही दारात. गिरणीवाल्यांच्या हातात किटली. "झोप लागली का?" विचारलं त्यांनी. रात्री तिघांचीही दारं वाजली नव्हती.

त्याला उठता येईना. त्याचा फोन आला तसा मीच गाडी घेऊन गेलो, मीच तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला.

"खुब्याचं हाड कधी मोडलं?"

"काल रात्री," मी म्हणालो.

"काल? अहो, हे दहा-अकरा वर्षांपूर्वीचं आहे. कधी जुळलंच नाही, कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. या पायावर माणूस एक पाऊल टाकू शकत नाही."

आदल्या दिवशी दुपारीच तो शिडीवर उभा राहून कौलं बसवत होता.